मुळ्यांच्या गाडीची उजवी बाजू

"दादा, दर आठवड्याला गाडी धुऊन नक्की होतं काय?"

ओवी मुळ्येने हा प्रश्न शाळेच्या सभागृहात विचारला तेव्हा तिच्या हातात माइक होता, त्यामुळे तो पार बाहेरच्या नळकोंडाळ्यापर्यंत ऐकू गेला. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तो तेजस्वीचा होता. 'विचारून दाखव, नाहीतर वर्षभर माझी सायकल तू पुसायची,' असं तेजस्वीने मागच्या बाकावरून फर्मावलं होतं आणि आजूबाजूच्या मैत्रिणींनी 'ही कसली विचारते' असा चेहरा केला होता. तो चेहरा त्यांनी केला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. मुळ्यांची गाडी, रत्नागिरीतली एक पतपेढी आणि देवदत्त मुळ्यांची झोप ही तिन्ही शाबूत राहिली असती. पण वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून ओवीचा हात माइक दिसला की आपोआप पुढे जायचा. गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी हजेरीला 'हजर'सुद्धा शेजारणीकडून म्हणवून घ्यायची. त्याची भरपाई आता चालू होती.

व्यासपीठावर बसले होते त्या दिवसाचे पाहुणे, शाळेचे माजी विद्यार्थी नितेश. साळवी स्टॉपजवळ त्यांचं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर. 'आपले उद्योजक' या कार्यक्रमात ते बराच वेळ पाण्याच्या प्रेशरविषयी बोलले होते आणि आता कोणी तरी 'तुमच्या यशाचं रहस्य काय' एवढं विचारेल, मग चहा येईल, अशा बेतात होते.

"तू कोणाची गं?" नितेशने विचारलं.

"देवदत्त मुळ्यांची."

"पतपेढीच्या मुळ्येसाहेबांची? अगं, दर रविवारी माझ्याकडे पहिला नंबर तुमचाच असतो. मग हे बाबांनाच विचार ना."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतल्या विज्ञानाच्या बाई हसल्या. सगळ्यात वाईट म्हणजे तेजस्वी हसली, जिचा तो प्रश्न होता. माणसाचा अपमान किती झाला हे हसणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, त्यात आपली मैत्रीण होती की नाही यावर ठरतं. ओवीचे कान लाल झाले. एरवी अशा वेळी ती खाली बसायची. त्या दिवशी पाय वाकेचनात.

नितेशलाही जोर चढला होता. "दोन महिने गाडी न धुता ठेवून बघ. खारं वारं, लाल माती, कावळे. मग तुझं उत्तर तुलाच मिळेल."

"ठेवते," ओवी माइकवरून म्हणाली. "पण अख्खी नाही. अर्धी. डावीकडची अर्धी तुम्ही नेहमीसारखी धुवायची, उजवीकडच्या अर्ध्या गाडीला पाणी लावायचं नाही. आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दोन्ही बाजूंचा रंग सगळ्यांना दाखवायचा. दर आठवड्याचं धुणं वायफळ आहे हे मी सिद्ध करून दाखवते."

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम लांबला होता आणि टाळ्या वाजवल्या की कार्यक्रम संपतात हा त्यांचा अनुभव होता. पण टाळीचा अर्थ कोणी ना कोणी लावतोच. आपली शाळा दरवर्षी प्रदर्शनात लाव्हा ओकणारा एक ज्वालामुखी पाठवते आणि दरवर्षी तो परीक्षक निघून गेल्यावर पेटतो, हे विज्ञानाच्या बाईंच्या मनाला लागलेलं होतं. "यंदा ओवी मुळ्ये," त्या तिथल्या तिथे म्हणाल्या. झालं. शब्द अख्ख्या शाळेसमोर गेला होता, तोही माइकवरून.

राहिली फक्त एक किरकोळ बाब. गाडी बाबांची होती.

देवदत्त मुळ्ये हे पतपेढीचे शाखाधिकारी. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, आणि दोन्हींवर डाग पडलेला त्यांना चालत नसे. रविवारी सकाळी बाकीची माणसं मासळी बाजारात जातात, बाबा गाडी वॉशिंगला नेत. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फेस चढताना आणि उतरताना बघत. घरी आल्यावर त्यांचा चेहरा असा असे की आंघोळ त्यांनीच केली असावी. अशा माणसाकडे 'तुमची अर्धी गाडी द्या' म्हणून जायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. ओवीने आईसमोर, जेवताना, तोंडात घास असताना सांगितलं, म्हणजे बाबांना उत्तर द्यायला वेळ लागेल तेवढ्यात सगळं बोलून होईल.

बाबांनी घास गिळला. "सगळ्या शाळेसमोर बोललीस?"

"माइकवरून."

बाबांनी कुळथाचं पिठलं भातात कालवलं. मग म्हणाले, "मग आता मागे कसं घेणार? शब्द दिला की दिला. आमचा सगळा धंदाच त्यावर आहे." आणि नंतर, अगदी हळू, "अर्धी म्हणजे नक्की कुठली अर्धी?"

"डावी धुवायची," आई लगेच म्हणाली. आईचं नाव हेमा, आणि गाडीत ती डावीकडे बसते. "मी मातीच्या दाराने चढणार नाही. माझ्या साड्या मी कुठल्याही विज्ञानाला देणार नाहीये."

अशा रीतीने उजवी बाजू, म्हणजे ड्रायव्हरची, म्हणजे बाबांची, न धुता ठेवण्याचं नक्की झालं. यात विज्ञान कमी आणि आई जास्त होती, पण विज्ञानात अशा गोष्टी घडत असाव्यात.

पहिल्याच रविवारी वॉशिंग सेंटरवर अडचण आली. अर्धी गाडी धुणं अख्खी धुण्यापेक्षा अवघड असतं. पाणी कुठल्या बाजूला जायचं हे कोणाला विचारत नाही. नितेशने बॉनेटच्या मधोमध, टपावरून, पार मागच्या डिकीपर्यंत चिकटपट्टी लावली, उजवीकडे प्लास्टिकचा कागद पांघरला आणि मग सांगितलं की याचे पैसे जास्त पडतील.

"अर्ध्याचे जास्त?" बाबा म्हणाले.

"साहेब, न्हाव्याकडे जाऊन अर्धी मिशी ठेव म्हणालात तर तो कमी घेईल का? लक्ष दुप्पट द्यावं लागतं." नितेशला हे सगळं मनापासून आवडू लागलं होतं. "आणि बिलात अर्ध्या गाडीचा प्रकारच नाही. फुल वॉश लिहितो आणि खाली शेरा मारतो."

थोडक्यात, गाडी धुण्यावरचे पैसे वाचतात का हे शोधण्यासाठी मुळ्यांचे पैसे आधीपेक्षा जास्त जाऊ लागले. मोठमोठ्या संशोधनांचं असंच होतं म्हणतात. ओवीने बाबांकडे पाहिलं नाही. बाबांनीही पाकीट तिच्याकडे पाठ करून उघडलं.

दिवाळी संपली आणि रस्ते कोरडे झाले. हातखंब्याला आंब्याच्या कलमांकडे दोन फेऱ्या, आईच्या माहेरी, नाटे गावी, एक फेरी, आणि गाडीची उजवी बाजू जांभ्या दगडासारखी लाल दिसू लागली. डावी बाजू दुधासारखी. मधली रेघ इतकी सरळ की कोणी पट्टी लावून आखली असावी, आणि तशी ती आखलेलीच होती. ओवी रोज शाळेतून आल्यावर गाडीभोवती फिरायची. उजव्या दारावर एका कावळ्याने आपला वाटा उचलला तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने तेजस्वीला फोन करून सांगितलं. तेजस्वी म्हणाली, "तू बरी आहेस ना?"

सोसायटीत मुळ्यांची जागा दोन इमारतींच्या मधोमध. गाडीची डावी बाजू ए विंगकडे, उजवी बी विंगकडे. ए विंगचं मत झालं की मुळ्यांनी गाडीला नवा रंग काढला. बी विंगचं मत झालं की मुळ्यांचे दिवस फिरले. दोन्ही विंगची माणसं दुधाच्या गाडीवर भेटली की वाद व्हायचे. बी विंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या विमलाकाकूंनी मात्र दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं आणि त्यांचं मत सगळ्यांत खोल होतं.

"हेमा," एकदा जिन्यात त्यांनी आईचा हात धरला, "तुमचं दोघांचं पटत नाही का गो? तुझी बाजू ते धुऊन घेतात आणि स्वतःची ठेवतात तशीच. पुरुष माणूस असा स्वतःला शिक्षा करायला लागला की समजावं."

आईने प्रयोगाबद्दल सांगितलं. काकूंनी मान हलवली, म्हणजे तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. आणि शेजारधर्म म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी रिठ्याचं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन त्या मुळ्यांची उजवी बाजू घासायला उतरल्या.

ओवी शाळेतून आली तेव्हा काकू मागच्या चाकाच्या वरचा कोपरा भिजवत होत्या. ओवीने दप्तर टाकलं, पळत गेली आणि गाडी आणि काकूंच्या मध्ये पाठ टेकून उभी राहिली.

"काकू, घाण पुसू नका. मला ती हवी आहे."

"अगो, पण रिठा आहे. रंगाला काही होत नाही."

"रंगाचं नाही, मातीचं होतं. दीड महिना जमवलेली आहे."

काकूंनी शेंडी खाली ठेवली. संध्याकाळी त्यांनी मुळ्यांकडे वाटीभर खरवस पाठवला. आजारी माणसाच्या घरी पाठवतात तसा, वर झाकण ठेवून. ओवीच्या गणवेशाची पाठ लाल झाली होती, ती आईला विज्ञानाला द्यावी लागलीच.

यापुढे असं होऊ नये म्हणून तेजस्वीने उजव्या दारावरच्या धुळीत बोटाने लिहिलं: 'हात लावू नये. प्रयोग चालू.' हेतू चांगला होता. पण बाबा ती गाडी घेऊन गावभर फिरत होते आणि शाखाधिकाऱ्याच्या दारावर 'प्रयोग चालू' असं लिहिलेलं दिसलं की लोक वाचतात.

मारुती मंदिरच्या सर्कलला एका हवालदारांनी वाचलं. पण त्यांची हरकत वेगळी होती. चिकटपट्टीची रेघ नंबरप्लेटच्याही मधून गेली होती. हवालदार गाडीच्या पुढे उभे राहिले, मागे जाऊन उभे राहिले, परत पुढे आले.

"मागून बघितलं तर नुसता जिल्हा दिसतोय," ते म्हणाले. "पुढून बघितलं तर नुसता आकडा. गाडी कोणाची हे कळायला मला तिला प्रदक्षिणा घालायला लागते. गाडी चालू असताना मी कशी घालू?"

बाबांनी खिडकीतून प्रयोग समजावून सांगितला. मागे बसलेल्या ओवीने मध्ये मध्ये भर घातली. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मुलगी नववीत आहे ना? माझीपण आहे. तिचा ज्वालामुखी आहे." मग समज देऊन सोडलं. नंबरप्लेटा तिथेच बाबांच्या हातरुमालाने पुसाव्या लागल्या. त्या प्रयोगातून वगळाव्यात की नाहीत यावर ओवी आणि विज्ञानाच्या बाई यांच्यात दुसऱ्या दिवशी बरीच चर्चा झाली.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं, निदान ओवीचं. तिला कल्पना नव्हती ती पतपेढीच्या अंगणाची.

तिथे शाखाधिकाऱ्यांची गाडी लावायला एकच जागा, बदामाच्या झाडाखाली, आणि तिथे गाडी उभी केली की तिची उजवी बाजू थेट पतपेढीच्या दाराकडे येते. ठेवीदार पायरीवर चपला काढतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तीच. रोज सकाळी त्या लाल, कावळ्याने शिक्कामोर्तब केलेल्या दारातून बाबा उतरत आणि त्यांच्या पांढऱ्या पँटवर मांडीपाशी एक लाल पट्टा उमटलेला असे.

रावजीआप्पा हे हातखंब्यापलीकडचे बागायतदार. आंब्याचा सगळा पैसा पतपेढीत ठेवलेला, आणि दर आठवड्याला ते येत असत. काढायला नाही, आहे का ते बघायला. त्यांनी गाडी पाहिली, पट्टा पाहिला, दारावरचं वाचलं आणि आत जाऊन बाबांच्या टेबलाशी बसले.

"सायेब, सगला बरा हाय ना?"

"सगळं छान, आप्पा."

"पेढीचा म्हनतंय मी."

"पेढीचंही छान."

"मंग परयोग कसला चालू हाय? आमच्या पैशांवर तं नाय ना?"

बाबांनी मुलीच्या विज्ञान प्रदर्शनाचं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. पण ज्या माणसाला गाडी धुवायचे पैसे जड झालेत तो काही तरी कारण सांगणारच, हे त्यांना कळत होतं. ते त्यांनी बसस्टॉपवर आणखी काही जणांना सांगितलं. बस उशिरा आली, त्यामुळे ते बऱ्याच जणांना सांगता आलं.

पुढच्या आठवड्यात ठेवीदार यायला लागले, नुसते बघायला. बाबांनी मग गाडी उलटी लावायचं ठरवलं, म्हणजे उजवी बाजू कुंपणाकडे जाईल. बाबांच्या अंगी पुष्कळ गुण आहेत, पण रिव्हर्स हा त्यातला नाही. ठेवीदार पायरीवर उभे असताना, त्यांच्या देखत, गाडी मागे मागे गेली आणि तिने 'तुमची ठेव, आमची जबाबदारी' लिहिलेला पतपेढीचा फलक आडवा केला. दोघांनी फलक उचलून उभा केला. तिघांनी आत जाऊन मुदतीआधी पैसे काढले तर व्याज किती कापतात ते विचारलं.

यातलं ओवीला काहीच माहीत नव्हतं. बाबांनी घरी अवाक्षर काढलं नाही. उलट रविवारी चिकटपट्टी नीट सरळ लागलीय ना, ते वाकून बघत.

तिला कळलं ते तेजस्वीकडून. मधल्या सुट्टीत डबा उघडताना तेजस्वी म्हणाली, "तुम्ही गाडी विकलीत?"

"कोण म्हणालं?"

"माझे बाबा. पेढीत गाडी येतच नाही म्हणे. साहेब चालत येतात. आमचे बाबा आज पैसे काढायला जाणार आहेत."

शाळा सुटल्यावर ओवी घरी गेली नाही. ती पतपेढीकडे गेली आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी उभी राहिली. बदामाखाली गाडी नव्हती. पतपेढीच्या पायऱ्यांवर माणसं होती, नेहमीपेक्षा जास्त, आणि रांगेत. थोड्या वेळाने बाबा बाहेर पडले, लोकांना नमस्कार करत, हसत, आणि चालायला लागले. ओवी मागून गेली. बाबा दोन वळणं घेऊन, मंडईच्या मागच्या गल्लीत पोचले, जिथे नारळ सोलून त्यांची सोडणं टाकतात. तिथे सोडणांच्या ढिगाआड मुळ्यांची गाडी उभी होती. बाबांचा शर्ट पाठीला चिकटलेला. दार उघडताना बाबा मातीला धक्का लागू नये म्हणून दोन बोटांनी हँडल धरत होते.

"बाबा."

ते दचकले. "तू इथे?"

"तुम्ही गाडी इथे लावता?"

"हं. चालणं चांगलं असतं. डॉक्टर सांगतातच."

"लोक पैसे काढतायत."

बाबांनी हँडल सोडलं. "काढतील आणि परत ठेवतील. आज अध्यक्षांचा फोन होता. काशीरामशेठ म्हणाले, मुळ्ये, सोमवारी सकाळी तुमची गाडी मला दारात दिसली पाहिजे, धुतलेली. नाहीतर चावी माझ्याकडे ठेवा. गाडीची नाही, तिजोरीची."

"मग धुवा ना. तुम्ही आधीच का नाही धुतलीत? मी शाळेत असताना धुतली असतीत तर मी काय करणार होते?"

"तुझं प्रदर्शन बुधवारी आहे," बाबा म्हणाले, जणू ते उत्तर होतं. आणि ते होतंच. "काशीरामशेठना मी बुधवारपर्यंत थांबा म्हणालो. थांबतील असं वाटत नाही. बघू."

ओवीला रडू यायला हवं होतं, पण तिला राग आला. कावळ्याचा, रावजीआप्पांचा, माइकचा, तेजस्वीच्या बाबांचा. दोन महिने ती मातीची राखण करत होती आणि बाबा तिची. शाळेला दिलेला शब्द मोडला तर तिचं हसं होणार होतं. न मोडला तर बाबांची खुर्ची जाणार होती. हे सगळं कशावरून, तर तिने ज्या गोष्टीला माइकवरून वायफळ म्हटलं होतं तिच्यावरून. डोकं धरून बसण्यासारखी स्थिती होती. पण डोकं धरून बसायचं ती गेल्या वर्षीच सोडून आली होती.

गाडीत बसल्या बसल्या तिने बाबांच्या फोनवरून नितेशला फोन लावला.

"नितेशदादा, सोमवारी सकाळी मशीन घेऊन पतपेढीच्या अंगणात याल का? दोन महिने झालेच आहेत, आणि दाखवायचा आहे रंग, माती नाही. दुसरी बाजू तिथेच धुवायची, सगळ्यांसमोर. तुम्ही हरलात की जिंकलात ते तिथेच कळेल."

"माझं काय हरायचंय?" नितेश म्हणाला. "येतो. पैसे नको."

बाबांनी गाडी सुरू केली. नेहमीच्या वळणाऐवजी त्यांनी गाडी मुख्य रस्त्याने घेतली, सगळ्यांना दिसेल अशी.

सोमवारी पतपेढीच्या अंगणात जेवढी माणसं जमली तेवढी वार्षिक सभेला फुकट नाश्ता असूनही जमत नाहीत. काही पैसे काढायला आलेली, काही पैसे काढणाऱ्यांना बघायला आलेली. काशीरामशेठ व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. रावजीआप्पा पासबुक पिशवीत घालून, पिशवी काखेत घालून. तेजस्वी शाळेची प्रार्थना बुडवून आली होती. विज्ञानाच्या बाई रजा टाकून. नितेशचा टेम्पो आला, मशीन उतरलं, नळ मिळाला.

ओवी पायरीवर चढली. माइक नव्हता. तिने प्रयोग सुरुवातीपासून सांगितला, प्रश्न, पैज, चिकटपट्टी, सगळं. तिच्याच लक्षात आलं की गोष्ट तिच्याकडून ऐकताना लोकांचे चेहरे सैल होतायत. बाबा तेच सांगत होते, पण बाबांच्या तोंडी ते कारण वाटायचं. तिच्या तोंडी ते खरं वाटत होतं, कारण इतकं बिनडोक कोणी खोटं रचत नाही.

मग पाणी सुरू झालं. लाल ओघळ अंगणातून गटारापर्यंत गेला. 'प्रयोग चालू' वाहून गेलं. नितेशने कापड फिरवलं आणि बाजूला झाला.

बाजू पांढरी होती. दुसऱ्या बाजूसारखीच.

ओवीने वाकून पाहिलं. दारावर कावळ्याच्या जागी एक फिकट, न जाणारा डाग राहिला होता, तो नितेशने बोटाने दाखवला. "हे बघ. आठवड्याच्या आठवड्याला धुतलं असतं तर झालं नसतं." ओवीने त्याला डावीकडे नेलं. तिरक्या उन्हात डाव्या दारावर बारीक बारीक ओरखडे दिसत होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. "आणि हे? तुमच्या फडक्यातली वाळू." विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "बरोबरी." आणि हे बोलताना त्या पहिल्यांदाच ज्वालामुखी विसरल्यासारख्या दिसल्या.

पण ओवीचं लक्ष आता डागावर नव्हतं. गाडीच्या डाव्या बाजूला, जिथे सगळं विज्ञान होतं, तिथे ती, नितेश आणि बाई एवढेच होते. तेजस्वीसुद्धा नव्हती. बाकी सगळं अंगण उजव्या बाजूशी उभं होतं. कोणी डाग पाहिला नाही, कोणी ओरखडा पाहिला नाही. रावजीआप्पांनी दारात आपला चेहरा पाहिला, मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, "आता कसा सायबाची गाडी वाटते." मग ते पायरी चढले, काखेतली पिशवी काढली, आत गेले आणि ठेव मोडायला आणलेलं पासबुक नुसतं बघून, परत पिशवीत घालून बाहेर आले. त्यांच्या मागची रांग जागच्या जागी विरघळली. तेजस्वीचे बाबा तर झेरॉक्सच्या दुकानात काही काम होतं अशा थाटात निघून गेले.

काशीरामशेठ खुर्चीतून उठले. "मुळ्ये, मुलगी हुशार आहे हो. पण आता हे असं दर रविवारी," असं म्हणून त्यांनी चकचकीत दारावर थोपटलं आणि दाराला हाताचा ठसा उमटवून गेले.

त्या संध्याकाळी मुळ्यांच्या घरी जेवण शांत झालं. बाबांनी दोनदा ताक घेतलं, जे ते सुखात असताना घेतात. आई म्हणाली, "चला, सुटलो. आता रविवारी नेहमीसारखी धुऊन आणा अख्खी, आणि ओवी, तूही प्रदर्शनात सांगून टाक की धुतलेलं बरं. उगाच ताणू नकोस."

"सांगणार नाही," ओवी म्हणाली.

बाबांचा पेला ओठाशी थांबला.

ओवीने पाट मागे सरकवला आणि उभी राहिली. "धुऊन गाडीच्या रंगाला काही विशेष होत नाही, हे मी सांगणार. कावळ्याचा डाग पडतो तेही सांगणार आणि ओरखडे येतात तेही, नितेशदादा समोर बसलेले असले तरी. मी म्हणाले होते ते निम्मं खरं निघालं, तर निम्मं खरं निघालं म्हणणार. पण आज त्या अंगणात शंभरेक माणसं होती, आणि त्यातलं एकही गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेलं नाही. आई, एकही नाही. मी तिथे उभी होते. म्हणजे धुण्याचा फायदा होतो, पण फक्त जिथून लोक बघतात तिथे. तेव्हा मी ठरवलंय. बाबा, यापुढे दर रविवारी गाडी धुवायची, पण मी धुणार, स्वच्छ फडक्याने, इथे खाली, आणि फक्त पतपेढीकडे असते ती बाजू. उजवी. दुसरी मी महिन्यातून एकदा बघेन, गाडीसाठी म्हणून."